उसिंग चेंबरवर भरवशाचा आलेख मिळेपर्यंत

उंदराच्या मोठ्या आतड्याचा नखाएवढा तुकडा दोन कप्प्यांच्या मधोमध ताणून बसवायचा, दोन्हीकडे क्षारांचं द्रावण भरायचं आणि तुकड्याच्या आरपार किती वीज वाहते ते मोजायचं. उसिंग चेंबर म्हणजे हेच. हान्स उसिंग या डॅनिश शास्त्रज्ञाने बेडकाच्या कातडीवर केलेलं हे काम १९५१ साली प्रसिद्ध झालं, आणि त्यातली युक्ती मला अजूनही थक्क करते. दोन्हीकडे द्रावण सारखंच ठेवायचं आणि बाहेरून करंट देऊन दोन बाजूंमधला व्होल्टेज शून्यावर धरायचा. मग आयनांना आपसूक एकीकडे सरकायला कारणच उरत नाही. तरीही जो करंट द्यावा लागतो, तो पेशी स्वतःची ऊर्जा खर्चून आयन वाहून नेतात त्याचा. यालाच शॉर्ट-सर्किट करंट म्हणतात.

मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो ऊती सोलायला. भिंगाखाली बारीक चिमट्याने स्नायूंचा थर अलगद वेगळा करायचा, कारण तो राहिला तर रक्ताच्या बाजूने घातलेलं औषध पेशींपर्यंत उशिरा पोचतं. जोर जास्त झाला की तुकडा फाटतो. त्याआधी रिकाम्या चेंबरवर इलेक्ट्रोडमधला फरक शून्य करणं आणि द्रावणाचा स्वतःचा रोध वजा करणं आलंच. अगारच्या पुलात, म्हणजे इलेक्ट्रोडला द्रावणाशी जोडणाऱ्या जेलच्या नळीत, हवेचा बुडबुडा अडकला असेल तर आलेखावरची करंटची रेघ भरकटत राहते. ३७ अंश तापमान, ९५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. मग रेघ स्थिरावेपर्यंत थांबायचं.

पहिली खरी गंमत ब्युमेटॅनाइडने, म्हणजे क्लोराइड पेशीत आणणारा वाहक अडवणाऱ्या औषधाने, दाखवली. आधी फोर्स्कोलिन, म्हणजे पेशींना क्लोराइड बाहेर सोडायला लावणारं रसायन, घातलं. क्लोराइडचा स्राव वाढून करंट काही मिनिटांत चढला. मग पोकळीच्या बाजूला ब्युमेटॅनाइड सोडलं, तर रेघ ढिम्म. तेच रक्ताच्या बाजूला सोडल्यावर करंट उतरू लागला. क्लोराइड पेशीत आत आणणारा वाहक त्याच बाजूला असतो, हे मला पाठ होतं. पण ते असं डोळ्यांसमोर घडताना बघणं फार वेगळं होतं.

त्यानंतर आमचा चाचणीचा रेणू आला. त्याने करंट झपाट्याने खाली आणला. पण नुसत्या करंटवर विसंबायचं नाही, असं माझं ठाम मत आहे. आम्ही ठरावीक अंतराने काही मिलिव्होल्टचा झटका देतो आणि करंट किती बदलला यावरून ओहमच्या नियमाने रोध काढतो. औषधाने नुसतं चॅनेल, म्हणजे पेशीच्या भिंतीतली आयनांची वाट, बंद केलं तर रोध वाढतो, निदान घटत तरी नाही. इथे करंटबरोबर रोधही कोसळला होता, म्हणजे पेशींमधले सांधे सैल होत होते. शेवटी ऊती अजून जिवंत आहे का ते बघायला फोर्स्कोलिन घातलं, तर ऊतीने काहीच दाद दिली नाही. जो परिणाम म्हणून मिरवता आला असता, ती खरं तर इजा होती.

तो आलेख बाजूला ठेवून ताज्या तुकड्यावर दहापट कमी मात्रा घेतली. या वेळी करंट सावकाश उतरला, रोध टिकून राहिला आणि फोर्स्कोलिनला प्रतिसादही चांगला मिळाला. आता हाच रेणू दोन्ही बाजूंनी वेगवेगळा घालून बघायचा आहे, म्हणजे तो पेशीच्या कोणत्या बाजूला काम करतो ते कळेल.