तुम्ही विचारलंत म्हणून: अजून पेरॉक्साइडच का?

'अजून पेरॉक्साइडवरच काम करता? भीती नाही वाटत?' हे मला सगळेच विचारतात. नातेवाईक विचारतात, दुसऱ्या लॅबमधले विचारतात, सेफ्टी ऑडिटला आलेला माणूस तर रजिस्टर उघडायच्या आधी विचारतो, आणि मी उत्तर द्यायला लागले की दुसऱ्या वाक्यालाच कळतं की समोरच्याच्या डोक्यात बातम्यांमधला स्फोट सुरू झालाय आणि आता मी काहीही बोलले तरी ते त्यावरच जाऊन बसणार. म्हणून एकदा नीट लिहून टाकते. पेरॉक्साइड म्हणजे ज्यात दोन ऑक्सिजन एकमेकांना जोडलेले असतात ते पदार्थ, आणि तो ऑक्सिजन–ऑक्सिजन बंध नाजूक असतो, हे विचारणाऱ्यांना माहीतच असतं, तेव्हा तिथून सुरुवात करत नाही.

वाटते भीती. रोज वाटते. ज्या दिवशी वाटायची बंद होईल त्या दिवशी मी हूडसमोर, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या लॅबमधल्या कपाटासमोर, उभी राहणार नाही. पण सगळ्या पेरॉक्साइडना एकाच मापाने मोजलेलं मला सहन होत नाही. आर्टेमिसिनिन घ्या, झाडातून मिळणारं मलेरियावरचं औषध. पंधरा कार्बन, बावीस हायड्रोजन, पाच ऑक्सिजन, रेणूभार २८२, आणि त्यात पेरॉक्साइडचा पूल एकच. अ‍ॅक्टिव्ह ऑक्सिजन, म्हणजे रेणूच्या वजनात पुलातल्या एका ऑक्सिजनचा वाटा, मोजला तर सहा टक्क्यांच्याही खाली येतो. पांढरे, शांत स्फटिक, १५६–१५७ अंशाला वितळतात. बातम्यांमधली जी छोटी वलयं असतात त्यांच्यात कार्बन कमी आणि पेरॉक्साइड जास्त, त्यांचा स्वभावच वेगळा, आणि त्यांच्यावर मी काम करत नाही, कधी केलं नाही. मेसेज करून 'प्रोसेस साधारण काय असते' असं विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही, देणारही नाही, पुन्हा विचारू नका.

तर मुद्दा असा की तुम्ही ज्या बंधाला घाबरता तोच बंध म्हणजे औषध आहे. हे मी अलंकारिक बोलत नाहीये. आर्टेमिसिनिनमधून तो एक ऑक्सिजन काढून टाका, बाकी सगळा सांगाडा तसाच ठेवा, डीऑक्सीआर्टेमिसिनिन मिळतं, रेणूभार २६६, दिसायला जुळं भावंड, आणि मलेरियाच्या परजीवीवर त्याचा जवळपास काही परिणाम होत नाही. परजीवी लाल पेशीत बसून हिमोग्लोबिन खातो, त्यातून हीममधलं लोह मोकळं होतं, ते लोह हा कमकुवत बंध तोडतं, त्यातून रॅडिकल तयार होतात आणि ते परजीवीच्या प्रथिनांना, हीमला, जे समोर येईल त्याला चिकटत सुटतात. नेमकं कोणतं लक्ष्य निर्णायक यावर अजून भांडणं आहेत, पण बंध तुटला पाहिजे यावर नाहीत. बंध मजबूत करा, औषध मेलं. फार कमकुवत करा, बाटलीतच टिकणार नाही. आमचं सगळं आयुष्य या दोन टोकांच्या मधल्या जागेत जातं.

चिनी संशोधक तू युयू यांच्या गटाने १९७२ मध्ये आर्टेमिसिनिन वेगळं काढलं. चीनमध्ये १९६७ च्या मे महिन्यात सुरू झालेला, मलेरियावर औषध शोधायचा ५२३ नावाचा प्रकल्प, आणि उकळून काढलेला अर्क नीट चालत नव्हता म्हणून कमी तापमानाला ईथरने अर्क काढायचं ठरलं, त्याने गाडी रुळावर आली. नोबेल मिळालं २०१५ मध्ये. मला यात सगळ्यात आवडते ती गोष्ट मात्र वेगळी आहे. या रेणूवर सोडियम बोरोहायड्राइड टाकलं तर लॅक्टोनचं, म्हणजे वलयात बसलेल्या एस्टरचं, क्षपण होऊन लॅक्टॉल होतं, तेच डायहायड्रोआर्टेमिसिनिन, ज्याच्यापासून पुढे आर्टेसुनेट आणि आर्टेमेथर ही औषधं बनतात, आणि पेरॉक्साइडला धक्काही लागत नाही. लॅक्टोन तसा सहजी हात न देणारा, पेरॉक्साइड तसा पटकन कोसळणारा, आणि इथे बरोबर उलटं घडतं. विद्यार्थ्यांना हे सांगितलं की ते मान डोलावतात, पण पहिल्यांदा स्वतः करून, वर्कअप करून, म्हणजे पदार्थ धुऊन वेगळा काढून, टीएलसी प्लेटवर, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे दाखवणाऱ्या पट्टीवर, ठिपका बघतात तेव्हा चेहरे बदलतात.

आणि 'निसर्गाला नको असलेली गोष्ट' वगैरे मला ऐकवू नका. तुमच्या शरीरात या क्षणी चक्राकार पेरॉक्साइड बनतंय. प्रोस्टाग्लँडिन एच-२. सांगाड्यात ऑक्सिजन–ऑक्सिजन पूल, पाण्यात शरीराच्या तापमानाला काही मिनिटांत अर्धं संपतं, तेवढ्यात एन्झाइम त्याला पुढे नेतात. अ‍ॅस्पिरिन जे अडवतं ते हे बनणंच.

लॅबमध्ये प्रत्यक्ष काय चालतं याचीही लोकांची कल्पना फार चुकीची असते, त्यांना वाटतं आम्ही दिवसभर काहीतरी भयंकर मिसळत बसतो. बनवणं हा छोटा भाग. जास्त वेळ जातो तो हे सिद्ध करण्यात की पूल खरंच आहे. आणि ते भयंकर अवघड आहे, कारण ऑक्सिजनला एनएमआरमध्ये, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात रेणूतले अणू ओळखायच्या पद्धतीत, सरळ बघता येत नाही म्हटलं तरी चालेल. कार्बनमध्ये १०५ च्या आसपास आणि ऐंशीच्या जरा खाली पूल धरणारे दोन कार्बन दिसतात, छान, पण पूल गेलेल्या जुळ्या भावंडातही त्याच भागात दिसतात, थोडे सरकून. प्रोटॉनमध्ये ५.८६ ला एकटा उभा सिंगलेट, म्हणजे न फुटलेली एकच रेघ, तोही डीऑक्सीमध्ये जरासाच हलतो. आयआरमध्ये, म्हणजे अवरक्त प्रकाशात बघताना, ऑक्सिजन–ऑक्सिजन बंधाच्या ताणाचा पट्टा इतका फिका असतो की फिंगरप्रिंट भागातल्या रेघांच्या गर्दीत ज्याला हवा त्याला सापडतो, ज्याला नको त्याला सापडत नाही. जीसीमध्ये, म्हणजे पदार्थाची वाफ करून वेगळं करणाऱ्या यंत्रात, टाकलं तर इंजेक्टरच्या उष्णतेनेच मोडतं आणि आपण मोडलेल्या तुकड्यांचं पृथक्करण करत बसतो. मासमध्ये, म्हणजे रेणूचं वजन मोजताना, सोडियम चिकटलेला ३०५ दिसला तर जीव भांड्यात पडतो, एक ऑक्सिजन गेलेला २८९ दिसला तर दिवस गेला. टीएलसी प्लेटवर डायमिथाइल पॅरा-फेनिलीनडायअमीन मारलं की पेरॉक्साइडचा ठिपका गुलाबी होतो, आणि इतकी वर्षं झाली तरी तो रंग चढताना मी हातातलं काम थांबवून बघते. पण तो रंगही फक्त एवढंच सांगतो की पेरॉक्साइड आहे. वलयात आहे की शेपटीला हायड्रोपेरॉक्साइड, म्हणजे एका टोकाला हायड्रोजन असलेली मोकळी ऑक्सिजनची जोडी, लटकलंय, ते नाही सांगत. शेवटी स्फटिक उगवायचा आणि एक्स-रे घ्यायचा, १.४७ अँगस्ट्रॉमच्या आसपास दोन ऑक्सिजन शेजारी शेजारी दिसले की मग बोलायचं.

हा वलय की शेपूट हा फरक मी उगाच लांबवत नाहीये. आमच्याकडे जे झालं ते त्या फरकामुळेच झालं.

तुमच्यापैकी ज्यांना ते माहीत आहे ते प्रश्न वेगळ्या स्वरात विचारतात, 'त्यानंतरही?' असा. तर सांगते. ती माझ्या शेजारच्या हूडवर काम करायची, माझ्यापेक्षा बरीच लहान, हात इतका स्वच्छ की मिश्रण वेगळं करायचे तिचे कॉलम बघायला बाकीचे यायचे. आम्ही ट्रायोक्सेनची, म्हणजे आर्टेमिसिनिनसारखं तीन ऑक्सिजनचं वलय असलेल्या रेणूंची, एक मालिका करत होतो आणि त्यातली फोटोऑक्सिजनेशनची पायरी, म्हणजे दिवा, रंगद्रव्य, थंड द्रावणातून ऑक्सिजन, तिने कितीदा तरी केलेली. त्या दिवशी ती ते करतही नव्हती. आदल्या आठवड्यातला बाजूला ठेवलेला एक फ्रॅक्शन, म्हणजे कॉलममधून वेगळा निघालेला भाग, छोटा फ्लास्क, फ्रिजमधून काढून ती त्याचा एनएमआर घेणार होती, कारण त्यात नको असलेला हायड्रोपेरॉक्साइड किती आहे ते बघायचं होतं. ढाल होती, चष्मा होता, मात्रा नियमात बसणारी होती. तिने झाकण फिरवलं. काचेच्या घासलेल्या जोडात पदार्थ वर चढून सुकला होता असं नंतर अंदाजाने ठरलं. आवाज फार मोठा नव्हता, हे मला अजून पटत नाही, मी तो मोठाच ऐकला, पण कॉरिडॉरमधल्या लोकांना वाटलं काहीतरी पडलं. मी वळले तेव्हा ती उभी होती आणि तळहाताकडे बघत होती. ढाल चेहऱ्यापुढे होती. हात, झाकण फिरवायला, ढालीच्या पुढेच जातो, दुसरीकडून जाणार कुठून. मनगट दाबून वर धरलं, गॅस आणि दिवा बंद करायला ओरडले, आणि ती सारखी एकच सांगत होती की फ्लास्कवर लेबल आहे, तारीख आहे, वहीत नोंद आहे. मी सांगत होते की मला माहितेय, राहू दे आता ते, आणि ती पुन्हा तेच.

काच निघाली, टेंडन जोडलं, दोन बोटं आजही पूर्ण वळत नाहीत. चौकशी झाली. प्रक्रिया पाळली होती, मात्रा कमी होती, कारण 'बहुधा जोडातील सुका अवशेष'. त्या 'बहुधा'वर सही करताना मला किती राग आला होता ते कुठल्याच रिपोर्टमध्ये नाही. दवाखान्याच्या जिन्यात तिची आई भेटली. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या एवढंच म्हणाल्या, 'मॅडम, तुम्हाला करायला दुसरं काही नव्हतं का?' मी म्हणाले, हे मलेरियाचं औषध आहे. त्या म्हणाल्या, 'औषध तर आहेच ना बाजारात.'

याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं आणि नंतर मी जी उत्तरं तयार केली ती सगळी जिन्यात उभ्या असलेल्या त्या बाईंना देण्यासारखी नव्हती. त्या वेळची मी सगळ्यांना काय सांगायचे, की आमचा रेणू फुटला नाही, फुटला तो उपपदार्थ, ट्रायोक्सेन निर्दोष आहे. खरंच आहे ते. रासायनिकदृष्ट्या आजही त्यातला एक शब्द बदलणार नाही. पण त्या वेळच्या मला आज विचारावंसं वाटतं की बाई, तुझ्या निर्दोष रेणूकडे जायचा रस्ता त्या उपपदार्थावरूनच जातो ना, मग हे दोन वेगळे हिशेब तू मांडतेस कसे? तर ती लगेच उलटून विचारते, मग काय, सोडून द्यायचं? कंबोडियाच्या पश्चिम भागात परजीवी आर्टेमिसिनिनला दाद देईनासे झाले, परजीवीच्या केल्च-१३ जनुकातले बदल सापडले, तसेच बदल आफ्रिकेतही दिसले, आणि तू म्हणणार औषध आहे बाजारात? यात ती बरोबर आहे. झाडातून येणारा रेणू आपल्याला हवा तसा वाकवता येत नाही, म्हणून पूर्ण कृत्रिम पेरॉक्साइड लागतात. आर्टेरोलेन बघा, पाच अणूंच्या वलयाचं ट्रायोक्सोलेन, शेजारी अ‍ॅडमँटेनचा जाडजूड पिंजरा बसवून पूल सांभाळलेला, भारतात २०१२ मध्ये पिपराक्विन या मलेरियाच्याच दुसऱ्या औषधाबरोबर बाजारात आलं. त्यानंतरचं आर्टेफेनोमेल शरीरात जास्त टिकायचं, एका डोसात काम होईल अशी आशा होती, ते मात्र पुढे थांबलं. म्हणजे हे काम संपलेलं नाही. आणि मी बचाव करतेय असं वाटत असेल तर हो, करतेय, कारण हल्ला रोज होतो.

बदललं काय ते सांगते. आमच्याकडे आता घासलेल्या काचेच्या जोडात पेरॉक्साइड साठवत नाहीत, संशयित फ्रॅक्शन ठेवूनच देत नाहीत, त्याच दिवशी क्षपण करून, म्हणजे पेरॉक्साइडचा बंध मोडून, संपवतात. नवीन प्रत्येक पदार्थाचा काही मिलिग्रॅमवर डीएससी, म्हणजे तापवत नेऊन उष्णता मोजायची चाचणी, काढल्याशिवाय पुढची बॅच होत नाही, उष्णता कुठे सुटायला लागते आणि किती, ते कागदावर दिसलं पाहिजे. धातूचा स्पॅच्युला नाही, खरवडणं नाही, कोरडं करणं नाही. विद्यार्थी कुरकुरतात की एवढ्याने वेळ दुप्पट लागतो. लागू दे.

ती परत आली, पण बेंचवर नाही. मोठ्या आकड्यांच्या डेटावर काम करते, स्पेक्ट्रम वाचण्यात माझ्याहून पुढे गेली आहे, आणि आमचं बोलणं होतं तेव्हा वादच जास्त होतो. तिचं म्हणणं असं की फोटोऑक्सिजनेशनची पायरी माणसाच्या हाताने करूच नये, सगळं फ्लोमध्ये न्यावं, बारीक नळीतून, एका वेळी आत असतं थोडंसंच, पॉट्सडॅमच्या मॅक्स प्लांक संस्थेत २०१२ मध्ये डायहायड्रोआर्टेमिसिनिक अ‍ॅसिडपासून आर्टेमिसिनिन असंच सलग वाहत्या प्रवाहात काढून दाखवलं, मग अजून फ्लास्क कशाला. मी म्हणते, मान्य, पण तो रेणू ओळखीचा होता. नवीन रेणू नळीत घालण्याआधी तो कसा वागतो हे कुणीतरी कधीतरी थोड्याशा मात्रेत हाताने बघावंच लागतं, नाहीतर नळीत काय साचतंय ते कळणार कसं. यावर ती विचारते की ते 'कुणीतरी' कोण ते आधी सांगा. मी म्हणते मी. ती म्हणते, आणि प्राण्यांवरच्या चाचणीसाठी ग्रॅममध्ये लागेल तेव्हा? तेव्हाही तुम्ही एकट्याच? यावर आमचं अजून जमलेलं नाही, आणि पुढची मालिका कुठल्या पद्धतीने करायची तेही ठरलेलं नाही.