पाच नळ्या

मे महिन्यातली गोष्ट. मी एका डेअरीच्या शीतकरण केंद्रावर क्वालिटीचं काम बघतो, राहाता-कोपरगाव पट्ट्यात, म्हणजे आपला नगर, आताचा अहिल्यानगर, जिल्हाच. डेअरीचं नाव घेत नाही, गावाचंही नाही, ज्या घरची ही गोष्ट त्यांना उगाच त्रास नको आणि खरं सांगायचं तर मलाही नको.

सकाळी साडेसातला केंद्रावरच्या पोराचा फोन आला की साहेब त्या घरचं दूध परत फुटलं. आठवड्यात तिसऱ्यांदा. आमच्याकडे नळीत थोडं दूध घेऊन उकळून बघतात, गुठळी पडली की कॅन परत, त्यात दुसरा विचार नाही, कारण एक खराब कॅन पाच हजार लिटरच्या बीएमसीत, म्हणजे दूध गार करायच्या मोठ्या टाकीत गेला तर सगळ्यांच्या दुधाचं वाटोळं. पण हे घर तसलं नव्हतं. दहा दुभत्या एचएफ (होल्स्टीन) गाई, मुक्तसंचार गोठा, मुरघास (मुरवलेला हिरवा चारा) घरचा, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) कायम साडेतीन-साडेआठच्या वर. मी लोकांना तो गोठा दाखवायला न्यायचो. सकाळचं साठ लिटर, दोन कॅन, आणि तेच परत.

पोरगं म्हणलं, साहेब काहीतरी टाकत असतील, सोडा-बिडा. मी म्हणलं बाबा, सोडा टाकला असता तर फुटलं नसतं, आंबलेलं दूध लपवायलाच लोक सोडा टाकतात. ज्याचं फुटतंय तो निदान ते तरी करत नाहीये. पण हा संशय त्या घरापर्यंत पोचला होता. दुपारी वहिनींचा फोन, रडवेला आवाज, "साहेब, पंधरा वर्षं दूध घालतोय, आम्ही पाण्याचा थेंब घातला नाही कधी." दादा तर माझ्याशी बोललेच नाहीत. दोन कॅन दूध ओढ्यात ओतून आलेल्या माणसानं काय बोलायचं.

संध्याकाळी केंद्रावर त्यांच्या दुधाची निळी टेस्ट लावली. एमबीआरटी म्हणतात तिला, दहा मिली दुधात एक मिली मिथिलीन ब्लू, नळी ३७ डिग्रीच्या पाण्यात, आणि घड्याळ बघत बसायचं. दुधातले जिवाणू ऑक्सिजन खातात, तो संपला की निळा रंग उडतो. पाच तास आणि त्याच्या वर निळं राहिलं तर एकदम भारी दूध, अर्ध्या तासात पांढरं पडलं तर खराब. त्यांचं चाळीस मिनिटांत पांढरं झालं. शेजारच्या एका आजोबांचं, जे दोन गाई हातानं पिळतात आणि ज्यांच्या गोठ्यात मी चिखलामुळं जायला नको म्हणतो, त्यांचं साडेतीन तास टिकलं. ते बघून जरा झोंबलंच.

आता शंका कशा-कशावर घ्यायची. कासदाह, ज्याला आपल्याकडे दगडी म्हणतात. कॅन. पाणी. दूध काढायचं मशीन. केंद्रापर्यंत यायला लागणारा वेळ, कारण गाडी दुसऱ्या दोन वस्त्या फिरून येते आणि मे महिन्यात गरम दूध दीड-दोन तास कॅनमध्ये बसलं की त्यात जे काही थोडं आहे त्याचं भरपूर होतं. पण गाडी तीच, वेळ तोच, बाकीच्यांचं दूध चांगलं येत होतं. मग ठरवलं, एकेका ठिकाणचं दूध वेगवेगळं पकडायचं. आमच्या लॅबमधल्या मॅडम म्हणायच्या, चोर शोधायचा तर घराच्या प्रत्येक दाराशी माणूस उभा कर.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला गोठ्यावर. सोबत उकळून घेतलेल्या बाटल्या, नळ्या, निळं औषध आणि सीएमटीचं, म्हणजे दगडी तपासायच्या टेस्टचं, चार खणांचं पॅडल. वॉटर बाथ नेला होता पण लाईट गेलेली, मशीनसुद्धा जनरेटरवर चालू. म्हणून वहिनींनी मोठं पातेलं दिलं, त्यात कोमट पाणी, थर्मामीटर टाकला, आणि त्यांची सातवीतली मुलगी सुट्टीत घरी होती तिला काम दिलं, ३७ च्या खाली जाऊ द्यायचं नाही, जरा गार झालं की चहाच्या भांड्यातलं गरम पाणी थोडं ओतायचं. पोरगी माझ्यापेक्षा शिस्तीची निघाली, दर अर्ध्या तासाला नळ्या उलट्या करून बघायची आणि वेळ लिहायची.

पहिल्या बाटलीत हातानं काढलेलं दूध, सड पुसून, पहिल्या धारा टाकून. दुसरीत तेच हाताचं दूध, पण आधी त्यांच्या धुतलेल्या कॅनमध्ये घालून खळबळून घेतलेलं. तिसरीत मशीनमधून आलेलं पहिल्या गाईचं दूध, बकेटमध्ये पडायच्या आधी लांब नळीतूनच पकडलेलं. चौथीत दहावी गाय झाल्यावर बकेटमधलं. पाचवीत भरलेल्या कॅनमधलं. मधल्या वेळात दहाही गाईंची सीएमटी केली, एका गाईच्या मागच्या सडात थोडा घट्टपणा आला, बाकी सगळ्या स्वच्छ. एका सडानं साठ लिटर दूध एवढं बिघडत नाही, तरी ती गाय शेवटी पिळायला सांगितली आणि डॉक्टरांना दाखवायला लावली.

सव्वासहाला पाचही नळ्या पातेल्यात. मग वाट बघण्याशिवाय काही नाही. आजींनी चहा दिला, दादा गव्हाणी भरत होते, बोलत नव्हते पण डोळा पातेल्याकडेच.

पावणेनऊला पोरगी ओरडली, "तीन नंबर गेली!"

तिसरी. पहिल्या गाईचं, मशीनमधून आलेलं. मग सव्वानऊच्या सुमाराला पाचवी, आणि तिच्या मागं दहा मिनिटांनी चौथी. पहिली आणि दुसरी मात्र दुपारी एकपर्यंत निळीशार, नंतर मीच कंटाळून बघायचं सोडलं. म्हणजे गाय बरोबर, कॅन बरोबर. घाण होती सड आणि बकेटच्या मधल्या दीड मीटरमध्ये, आणि पहिल्या गाईचं दूध सगळ्यात आधी गेलं कारण रात्रभर तिथं वाढलेलं सगळं पहिल्या गाईचं दूध धुऊन नेतं. एका अर्थानं रोज सकाळी मशीन दुधानंच धुतलं जात होतं.

क्लस्टर, म्हणजे मशीनचा सडांना लावायचा चार कपांचा जोड, खाली घेतला. बाहेरून चकाचक, स्टीलमध्ये तोंड दिसेल असा. वहिनी म्हणाल्या, "साहेब, दोन्ही टाइम उकळत्या पाण्यानं धुते, हात भाजून घेतलेत," आणि खरंच बोटांवर डाग होते. मी क्लॉ, म्हणजे चारही कपांचं दूध जिथं एकत्र येतं ती वाटी, उघडला आणि वास घेतला. आंबूस, जुन्या लोण्यासारखा. मोबाईलचा टॉर्च आत मारला तर तळाला पिवळट पांढरा थर, नखानं खरवडला की खडूसारखा भुगा. दूधखडा म्हणतात त्याला. बोअरच्या पाण्यातले क्षार, दुधातलं कॅल्शियम, प्रोटीन असं सगळं मिळून बसतं आणि त्याच्या आत जिवाणू मजेत राहतात, वरून कितीही हायपो (जंतू मारायचं क्लोरीनचं औषध) ओता, त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. आपल्या भागातल्या बोअरचं पाणी तर माहितीये, हंडा आठ दिवसांत पांढरा होतो.

मग लायनर. म्हणजे सडाला बसतं ते रबर. दादांना विचारलं कधी बदलले, ते म्हणाले बदलायचे असतात का? मशीन घेतलं तेव्हाचेच, चौदा महिने झाले. विकणाऱ्यानं काही सांगितलं नव्हतं, पैसे घेऊन गेला तो गेलाच. साध्या रबराचं लायनर साधारण अडीच हजार धारांचं, म्हणजे अडीच हजार वेळा गाय पिळण्यापुरतं असतं. त्यांच्याकडे एकच क्लस्टर, दहा गाई, दोन वेळ, म्हणजे दिवसाला वीस. अडीच हजार भागिले वीस, सव्वाशे दिवस. चार महिन्यांत बदलायचं ते चौदा महिने चाललेलं, साडेआठ हजारांच्या आसपास धारा झाल्या असणार. मी दादांना विचारून एक लायनर ब्लेडनं उभा चिरला. चिरताना त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी गाईलाच ब्लेड लावलंय. आत बोट फिरवलं तर चिकट, आणि जरा वाकवलं की बारीक बारीक भेगांची जाळी, कोरड्या पडलेल्या तळ्याच्या तळाला असते तशी, प्रत्येक भेगेत पिवळी रेघ.

इथपर्यंत मी एकदम फॉर्मात होतो. भेगा, खडा, जुनं रबर, केस सुटली. तरी एक गोष्ट डोक्यात टोचत होती, की त्या पिवळ्या रेघा आणि तो चिकटपणा नुसता जुनेपणाचा नव्हता. तो शिजलेल्या दुधाचा थर होता. म्हणून विचारलं, वहिनी, धार झाल्यावर पहिलं काय करता, नेमकं?

"चुलीवर पाणी उकळत ठेवलेलंच असतं. मशीन काढलं की लगेच उकळतं पाणी ओढून घेते. मग भांड्याच्या साबणानं."

"आधी साधं पाणी नाही?"

"तुम्हीच म्हणले होते ना साहेब."

मी म्हणलं मी? आणि त्या आत जाऊन वही घेऊन आल्या. शंभर पानी, दुधाच्या हिशोबाची, मागच्या पानांवर गावात झालेल्या आमच्या मेळाव्याची तारीख, सप्टेंबरमधली, आणि खाली लिहिलेलं: "डेअरीचे साहेब – मशीन उकळत्या पाण्यानेच धुणे. जेवढं गरम तेवढं चांगलं." दुसऱ्या वाक्याखाली दोनदा रेघ.

काय बोलणार. ते वाक्य माझंच होतं. माझ्या भाषणातलं ठरलेलं वाक्य, ज्याच्यावर लोक माना डोलवायचे. ते मी शिकलो तेव्हा समोर कॅन आणि चरव्या असायच्या, लोक कॅन आधी हौदावर साध्या पाण्यानं विसळायचे, मातीनं-सोड्यानं घासायचे, आणि शेवटी उकळतं पाणी मारायचं, तिथं ते बरोबरच होतं. मग गावागावात मशिनी आल्या आणि मी तेच भाषण पुढं चालू ठेवलं. विसळायचं हे तर कोणीही करतंच, असं धरून चाललो आणि म्हणायचं राहिलं. ज्या बाईनं माझं शब्द न शब्द ऐकलं तिचंच दूध नासलं, आणि ज्या आजोबांनी माझा एकही मेळावा ऐकला नाही ते साडेतीन तास!

आजी ओट्यावरून ऐकत होत्या. म्हणाल्या, "दुधाचं पातेलं आधी गार पाण्यात भिजत घालावं लागतं, एकदम कढत ओतलं तर साय चिकटून बसती, हे काय सांगायला पाहिजे का?" वहिनी म्हणाल्या, "अहो आत्या, साहेबांनी सांगितलेलं म्हणून..." मी चहाचा कप उगाच परत तोंडाला लावला, रिकामा होता.

थंडीत हे का दिसलं नाही तेही लक्षात आलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळचं दूध गाडीत फारसं तापत नाही, जिवाणू आहेत तेवढेच राहतात, काठावर पास होत राहिलं. ऊन वाढलं तसं सगळं उघडं पडलं.

मग तिथंच बसून सगळं परत केलं. कोपरगावहून नवे लायनर आणि छोट्या नळ्या मागवल्या, दादांनी स्वतः गाडी काढली, हेच पहिलं बोलणं, "कोणते आणायचे लिहून द्या." क्लॉचा खडा ॲसिडच्या वॉशनं काढला, दोन वेळा करावं लागलं. ॲसिड आणि हायपो कधी एकत्र येऊ द्यायचं नाही हे पोरीला चार वेळा सांगितलं, क्लोरीनचा गॅस निघतो, मी नवीन असताना एकदा घेतलाय नाकात, दोन दिवस खोकत होतो. धुण्याची पद्धत अशी बसवली की धार संपली की लगेच, दूध वाळायच्या आत, अंगाला लागेल असं कोमट पाणी ओढायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. एकदम गार पण नको, त्यानं तूप थिजतं. मग डेअरीची अल्कली पावडर, भांड्याचा साबण नाही, पाणी सत्तरच्या पुढचं, ब्रश आतून फिरवायचा, आणि पाणी पंचेचाळीसच्या खाली जायच्या आत काढून टाकायचं, नाहीतर सुटलेलं फॅट परत जाऊन बसतं. परत विसळायचं, उलटं टांगायचं. बोअरचं पाणी तसलं क्षाराचं, म्हणून आठवड्यातून दोनदा ॲसिडचा वॉश. आणि धारेच्या आधी हायपोचं हलकं पाणी, ते पूर्ण निथळू द्यायचं. थर्मामीटर माझा तिथंच ठेवून आलो, ऑफिसात हरवला म्हणून लिहिलंय.

निघताना वहिनींनी वही परत पुढं केली. "असं तोंडी नको साहेब, इथं लिहून द्या. आणि सही करा." हसत म्हणाल्या पण पेन खरंच पुढं केला. मी त्यांच्या त्या दोन रेघांच्या वाक्यावर काट मारली, खाली सगळं क्रमानं लिहिलं, कोमट, मग गरम, मग विसळ, लायनर सव्वाशे दिवस, आणि सही केली, तारखेसकट. एवढ्या वर्षांत कॅन परत पाठवायच्या चिठ्ठ्यांवर हजार सह्या केल्या असतील, तेवढा हात कधी अडखळला नव्हता.

आठ दिवसांनी केंद्रावरच टेस्ट लावली, तीच गाडी, तेच ऊन. चार तास वीस मिनिटं. पोरानं स्वतःहून त्यांना फोन केला, ते बरं झालं. ओतलेल्या दुधाचे पैसे काही मिळाले नाहीत, मी वरती दोनदा लिहिलं, तसा नियम नाही असं उत्तर आलं. दहा दिवसांच्या दुधाच्या पगारात तेवढा खड्डा पडलाच. दादा आता बोलतात, पण त्या विषयावर नाही.

तो चिरलेला लायनर मी पिशवीत घालून आणलाय, बाइकच्या डिकीत असतो. त्या सप्टेंबरच्या फेरीत मी तेवीस गावांत तेच भाषण दिलं होतं. नऊ गावं परत फिरून झाली, मशीन असेल त्याच्या गोठ्यात जाऊन क्लॉ उघडून दाखवतो. उद्या पुणतांब्याच्या बाजूला जायचंय, पाऊस नाही आला तर दोन होतील.