बदलता येईल ते नंतर

इलेक्ट्रिक गिटार घेणाऱ्या माणसाची खरेदी एकदा होऊन संपत नाही. पहिली खरेदी दुकानात होते, आणि दुसरी घरी आल्यावर काही महिन्यांनी सुरू होते: आज तारांचा कंप टिपणारा पिकअप, उद्या तारा सुरात लावायच्या खुंट्या म्हणजे ट्यूनर, दिवाळीच्या बोनसमध्ये घोडी म्हणजे ब्रिज. बासरी किंवा व्हायोलिन घेणाऱ्याच्या मागे हा ससेमिरा सहसा लागत नाही. याचे मूळ वाद्याच्या जन्मातच आहे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या लिओ फेंडर यांनी १९५० मध्ये भरीव लाकडाची एक सपाट गिटार बाजारात आणली, आणि पुढच्याच वर्षी तिला टेलिकास्टर हे नाव मिळाले. फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यामुळे असेल कदाचित, पण त्यांच्या गिटारची रचना दुरुस्ती करणाऱ्याच्या सोयीने झालेली दिसते. तिचा नेक, म्हणजे बोटे फिरतात ती लांब मान, बॉडीला चार स्क्रूंनी जोडलेला असतो, आणि वायरिंग एका धातूच्या पट्टीखाली असे बसवलेले असते की दोन स्क्रू काढले की सगळे हातात यावे. बिघडलेला भाग इतक्या सहज बदलता येतो म्हटल्यावर न बिघडलेला भागही बदलायला काय हरकत आहे, हा विचार वादकांच्या मनात येणे क्रमप्राप्तच होते. १९७० च्या दशकात नुसते पिकअप बनवून विकण्याचा स्वतंत्र धंदा अमेरिकेत उभा राहिला, आणि तेव्हापासून गिटार ही कधीच पुरी न होणारी वस्तू झाली.

मी गिटार घ्यायला निघालो तेव्हा माझ्यापुढे तीन पर्याय होते आणि खिशात ३० हजारांच्या आसपास रक्कम होती. पहिली होती फेंडरच्याच स्वस्त ब्रँडची, स्क्वायरची टेलिकास्टर, दुसरी गिब्सन कंपनीच्या स्वस्त ब्रँडची, एपिफोनची लेस पॉल घाटाची, आणि तिसरी यामाहाची पॅसिफिका, जी पहिल्या गिटारसाठी जवळजवळ प्रत्येक शिक्षक सुचवतो. तिघींचा आवाज वेगळा, हे खरेच. पण आवाज ही इलेक्ट्रिक गिटारमधली सर्वांत बदलण्याजोगी गोष्ट आहे, आणि दुकानात आपण नेमके तिच्यावरच भाळतो. विक्रेता गिटार आवाज वाढवणाऱ्या एका मोठ्या अ‍ॅम्पला जोडतो, आवाज फाडून खरखरीत करणारे डिस्टॉर्शनचे बटण दाबतो, आणि त्या गर्जनेत दहा हजारांची गिटार आणि लाखाची गिटार सारखीच पराक्रमी वाटू लागते. म्हणून मला असे वाटते की गिटार आधी अ‍ॅम्पला न जोडता वाजवून पाहावी. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी) दाबावा आणि तार कुठे खरखरते का ते ऐकावे, नेकच्या कडेवरून अंगठा फिरवून फ्रेटची टोके टोचतात का ते पाहावे, आणि हेडस्टॉकच्या, म्हणजे नेकच्या खुंट्यांकडच्या टोकाच्या, बाजूने एक डोळा मिटून नेक सरळ आहे की पिळलेला, याची खात्री करून घ्यावी. दुकानातली माणसे थोडी विचित्र नजरेने पाहतात, पण त्यांचे तेवढे सहन करावे.

एवढे सगळे नेकसाठीच का, तर नेक बदलणे म्हणजे बहुतेक वेळा गिटारच बदलणे. फेंडर घाटाच्या गिटारमध्ये नटपासून (हेडस्टॉकपाशी तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी) ब्रिजपर्यंत तारेची लांबी २५.५ इंच असते, तर गिब्सन घाटात ती २४.७५ इंच धरतात. पाऊण इंचाचा हा फरक कागदावर नगण्य दिसतो, पण त्याच जाडीच्या तारा त्याच सुरात लावल्या तर लांब नेकवर त्या अधिक ताणलेल्या लागतात आणि आखूड नेकवर बोटाने मींड ओढणे सोपे जाते. फ्रेटबोर्डच्या, म्हणजे फ्रेट बसवलेल्या लाकडी पट्टीच्या, गोलाईचेही तसेच. जुन्या फेंडरची त्रिज्या ७.२५ इंच, अलीकडच्या अनेकांची ९.५ इंच आणि गिब्सनची १२ इंच. अधिक गोल पृष्ठभागावर कॉर्ड धरायला आराम पडतो, मात्र तारा फ्रेटच्या फार जवळ ठेवल्या तर वरच्या पट्टीत तार ओढताना सूर मध्येच गुदमरतो. नेकची जाडी तर पूर्णपणे ज्याच्या त्याच्या हाताची बाब आहे. यातले काहीही पुढे पाच हजार खर्चून दुरुस्त होत नाही. अमेरिकी रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांनी स्वतः जुळवलेल्या त्या सुप्रसिद्ध गिटारची हकीकत या बाबतीत मला बोलकी वाटते. बॉडीसाठी त्यांनी ५० डॉलर दिले आणि नेकसाठी ८०, आणि मग लाकूड कोरून तिच्यात गिब्सनचा एक जुना पिकअप बसवला.

लेस पॉल माझ्या यादीतून उतरली ती मात्र आवाजासाठीही नव्हे आणि नेकच्या लांबीसाठीही नव्हे. त्या घाटाच्या गिटारचे वजन सहज चार किलोपर्यंत जाते, आणि मागे झुकलेला हेडस्टॉक हे तिचे जगजाहीर दुखणे आहे. स्टँडवरून पाठीवर पडली तर ती नेमकी तिथेच मोडते. ज्या घरात दिवाणखाना, अभ्यासाची खोली आणि पाहुण्यांची खोली ही एकाच खोलीची तीन नावे असतात, तिथे हा विचार करावाच लागतो. फेंडरचा हेडस्टॉक सरळ असल्यामुळे पुष्कळ सोसतो.

राहिल्या दोन, आणि त्यांच्यातला वाद गुणगुणीचा होता. टेलिकास्टरमध्ये एकेरी वेटोळ्याचे दोन पिकअप असतात. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली अतिशय बारीक तांब्याची तार. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि त्या वेटोळ्यात क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो. पण हे वेटोळे भिंतीतल्या विजेचेही ऐकते, आणि आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने मंद्र सप्तकातला एक कंटाळवाणा षड्ज आपल्या साथीला अखंड बसतो. गिब्सनमधले सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यावर उपाय काढला. त्यांनी दोन वेटोळी शेजारी ठेवली, त्यांचे वेढे आणि चुंबकांचे ध्रुव एकमेकांच्या उलट केले, आणि त्यामुळे बाहेरून येणारी गुणगुण परस्पर छेदली जाऊन तारेचा आवाज तेवढा दुप्पट झाला. हाच तो हमबकर. पॅसिफिकामध्ये ब्रिजपाशी हमबकर आणि वर दोन एकेरी पिकअप अशी तडजोड असते, आणि शहाण्या माणसाने तीच घ्यावी.

मी टेलिकास्टर घेतली. तिचा नेक हातात बसला, एवढेच खरे कारण आहे. दुसरे एक कारण आहे, पण ते मी दुकानात कोणाला सांगितले नाही. तिच्या फ्रेटबोर्डच्या माहितीत ‘इंडियन लॉरेल’ असे लिहिले होते, आणि इंडियन लॉरेल म्हणजे आपला ऐन. सह्याद्रीच्या रानांतून हिंडणाऱ्या कोणालाही भेगाळलेल्या काळपट सालीचा ऐन ओळखता येतो. पूर्वी या जागी भारतीय शिसवाची पट्टी सर्रास असे. पण जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या साऱ्या जातभाईंच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्यांचे बंधन आले आणि कारखान्यांना पर्याय शोधावे लागले. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, तोवर ऐनाने आपली जागा धरली होती. ऐनाच्या पट्टीने आवाज बदलतो का, या प्रश्नावर वादक तासन्‌तास भांडू शकतात. मला विचाराल तर अ‍ॅम्पमधून आलेल्या आवाजात तो फरक मला ओळखता येत नाही, आणि ओळखणाऱ्यांपैकी किती जणांना डोळे मिटून ओळखता येईल, याविषयी मी साशंक आहे.

आता सुधारणांकडे. इथे क्रम फार महत्त्वाचा आहे आणि बहुतेक लोक तो उलटा धरतात. पहिला खर्च सेटअपवर व्हावा. नेकच्या आतली ट्रस रॉड ही सळई फिरवून नेकचा बाक ठरवणे, बाराव्या फ्रेटपाशी तारांची उंची दीड ते दोन मिलिमीटरच्या दरम्यान आणणे, ब्रिजवरची सॅडल, म्हणजे तार टेकते तो तुकडा, पुढे-मागे सरकवून प्रत्येक तारेचा सूर वरपर्यंत खरा करणे, आणि नटच्या खाचा तारेच्या जाडीप्रमाणे घासणे. ज्यांनी मिरजेच्या कारागिराला तानपुऱ्याच्या जवारीचे काम करताना पाहिले आहे त्यांना याचे मर्म चटकन कळेल. तिथे तार घोडीला किंचित चाटून जावी म्हणून कानस चालते आणि इथे तार कशालाच चाटू नये म्हणून चालते, पण दोन्हीकडे कारागीर जे काढून टाकतो ते धुळीएवढेच असते आणि वाद्य मात्र निराळेच होऊन बसते. गिटार सुरात राहत नाही म्हणून महागडे ट्यूनर बसवणाऱ्यांपैकी अनेकांची तार खरे तर नटच्या खाचेत अडकत असते.

त्यानंतर पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालचा भाग, आणि स्विच. स्वस्त गिटारमध्ये हे भाग आधी कुरकुरू लागतात आणि बदलायलाही स्वस्त पडतात. एकेरी पिकअपला २५० किलोओहमचा पॉट आणि हमबकरला ५०० चा, हा संकेत पाळला नाही तर नवा पिकअप एक तर मेणचट वाजतो किंवा कानात टोचतो, आणि दोष बिचाऱ्या पिकअपला मिळतो. पिकअपचा क्रमांक माझ्या मते याच्याही नंतर, म्हणजे अ‍ॅम्पच्याही नंतर लागतो. पाच इंची स्पीकरच्या सरावाच्या अ‍ॅम्पमधून आठ-दहा हजारांचा पिकअप ऐकणे ही चैन मला परवडणारी नाही. अ‍ॅम्पवरून आठवले: परदेशातला भाचा-पुतण्या बॅगेतून काही आणतो म्हणाला तर गिटार किंवा पिकअप खुशाल मागवावा, कारण साध्या गिटारला वीज लागत नाही. अमेरिकेतला १२० व्होल्टचा अ‍ॅम्प मात्र मागवू नये. आणि एक व्यवहाराची गोष्ट. काढलेले मूळ भाग नीट पुडीत बांधून, नाव घालून ठेवावेत, कारण जुन्या गिटारच्या बाजारात सुधारणांचे पैसे कोणी देत नाही, उलट घेणारा मूळचा पिकअप कुठे आहे असे विचारतो.

माझ्या टेलिकास्टरमध्ये दोन्ही पिकअप एकदम चालू केले की गुणगुण नाहीशी होते, कारण त्यांतला एक दुसऱ्याच्या उलट गुंडाळलेला आहे. एकटा ब्रिजचा पिकअप मात्र सुरुवातीपासून गुणगुणीच्या जोडीला एक करकर करत होता. एकावर एक वेटोळी रचलेला, गुणगुण न करणारा पिकअप मी निवडूनही ठेवला होता. तेवढ्यात लक्षात आले की खोलीतला पंखा बंद केला की करकर जाते. तेव्हा या गिटारची पहिली सुधारणा गिटारवर झालीच नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून पंख्याचा गोल फिरणारा जुना रेग्युलेटर काढला, टप्प्याटप्प्याचा कपॅसिटरवाला बसवला, आणि त्याच हाताने प्लगचे अर्थिंग तपासून घेतले. नटचे काम आणि सेटअप अजून व्हायचा आहे. सध्या पावसाळा आहे, दमट हवेत नेक दर आठवड्याला वेगळा बाक घेतो, आणि आत्ता बसवलेली तारांची उंची ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात टिकणार नाही, म्हणून कारागिराने दसऱ्यानंतर यायला सांगितले आहे.