तुम्ही विचारलंत म्हणून : वायफायच्या ड्रायव्हरवर लिहायचं तरी काय?

"अडॅप्टर लावला, चालला तर चालला, नाहीतर बदलून आणला. त्यात लिहिण्यासारखं काय असतं हो?" लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या वायफाय अडॅप्टरच्या ड्रायव्हरची, म्हणजे अडॅप्टर आणि संगणक यांच्यात दुभाष्याचं काम करणाऱ्या प्रोग्रॅमची, माहिती मी फावल्या वेळात लिहून ठेवतो, हे कळलं की सोलापुरात पहिला प्रश्न हाच. दुसरा, पैसे किती मिळतात? काहीच नाही.

पहिल्याचं उत्तर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखानदाराच्या ऑफिसात मिळेल. जुना डेस्कटॉप, त्यावर लिनक्स, मागे नखाएवढा अडॅप्टर. एकही नेटवर्क दिसेना. ऑफिसातला माणूस म्हणाला, "मालक, हे खराब निघालं बघा." यूएसबीला काय काय जोडलंय ते दाखवणारी 'एलएसयूएसबी' ही कमांड चालवली तर ओळख क्रमांक आला ०बीडीए:१ए२बी. पहिला भाग रिअलटेक या चिप बनवणाऱ्या कंपनीचा. दुसऱ्यावरून कळतं की अडॅप्टर अजून वायफाय झालेलाच नाही, सीडी ड्राइव्ह बनून बसलाय. विंडोजचा ड्रायव्हर त्याच्याच पोटात असतो. तो विंडोजला सापडावा म्हणून सुरुवातीला हे सोंग. लिनक्सवर त्या सीडीला 'इजेक्ट' म्हणायचं, किंवा 'यूएसबी मोडस्विच' हा त्यासाठीचाच प्रोग्रॅम वापरायचा. मग सोंग उतरतं, क्रमांक बदलतो आणि त्या नव्या क्रमांकाचा ड्रायव्हर बघायचा. सीडी बाहेर काढली आणि वायफाय सुरू झालं, हे कारखानदारांना अजून पटलेलं नाही.

खोक्यावरच्या नावावर तर जाऊच नका. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन घ्या. पहिल्या आवृत्तीत अथेरॉस या दुसऱ्या कंपनीची एआर९२७१ चिप होती, दुसरीपासून रिअलटेकची आली. मॉडेलचं नाव तेच, ड्रायव्हर साफ वेगळा. म्हणून माझ्या नोंदीत आधी क्रमांक, मग चिप, मग ड्रायव्हर. कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी.

लिहावं कसं, हे मी ओपनबीएसडी या लिनक्ससारख्याच दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मॅन पानांवरून, म्हणजे तिच्यासोबतच येणाऱ्या माहितीपानांवरून, शिकलो. तिथे ड्रायव्हरचं पान नसणं हीच उणीव धरतात. रॅलिंक कंपनीच्या चिपांसाठी 'राल' नावाचा ड्रायव्हर आहे, त्याच्या पानावर स्वच्छ लिहिलंय की पीसीआय कार्डाला (संगणकाच्या आत खाचेत बसणाऱ्या) पीसीआय २.२ किंवा त्यापुढचा मदरबोर्ड लागतो, विकत घेण्याआधी तपासा. होस्ट एपी मोडमध्ये, म्हणजे कार्डच हॉटस्पॉट बनतं तेव्हा, पॉवर सेव्हिंग चालत नाही, जोडलेल्या मशीनने ते चालू ठेवलं तर डेटाची पॅकेट गळतील, हेही सांगून टाकलंय. जाहिरातीत असलं काही छापून येईल का? मला तर ड्रायव्हरच्या पानावर हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

उलट लोक मला कळवतात, "चालतं." अहो, लिनक्सच्या कुठल्या कर्नलवर, म्हणजे त्याच्या गाभ्याच्या कुठल्या आवृत्तीवर? पाच गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसतं का? मशीन झोपवून उठवलं की परत जोडतं का? त्याचाच हॉटस्पॉट करता येतो का? ही चार उत्तरं नसतील तर "चालतं" मी नोंदीत घेत नाही. शिष्टपणा वाटला तर वाटू दे.

राहता राहिलं फर्मवेअर. बऱ्याच चिपांना ड्रायव्हर असून भागत नाही, फर्मवेअरची, म्हणजे खुद्द चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमची, फाइल वेगळी लागते. ती नसली की 'डीमेसेज'मध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या यादीत, फाइलच्या नावासकट तक्रार येते. आता फाइल इंटरनेटवर आणि इंटरनेट यायचं ह्याच अडॅप्टरमधून! त्यामुळे इन्स्टॉलेशनच्या भागात मी पहिलीच ओळ अशी टाकतो : अँड्रॉइड फोन केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा (फोनचं इंटरनेट संगणकाला मिळतं), मग पुढचं वाचा.