पिशवीच काढायची होती ना!

"गर्भपिशवीच काढून टाकली असती, म्हणजे कायमची कटकट मिटली असती!" वहिनीला बघायला आलेल्या मावशी चहा घेता घेता बोलून गेल्या.

वहिनी नुसती हसली. मनगटावर एवढीशी पट्टी. तिथूनच बारीक नळी घालून गर्भाशयाच्या धमन्यांमध्ये वाळूसारखे कण सोडले, फायब्रॉइडच्या, म्हणजे गर्भाशयातल्या कर्करोग नसलेल्या गाठींचा रक्तपुरवठा तोडला. एम्बोलायझेशन. पहिली रात्र कळांनी जीव काढला, ते वेगळं. गाठी काही महिन्यांत आक्रसतात, बहुतेकींचं पाळीतलं जास्तीचं अंगावर जाणं कमी होतं. काहींना पुढे पुन्हा उपचार लागतात, हेही डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं.

पॅरिसच्या डॉक्टरांनी ही पद्धत १९९५ साली मांडली. तरी पहिल्या दवाखान्यात वहिनीला एकच पर्याय ऐकवला होता, मावशींचाच.

तुमच्यापैकी कुणाला हा दुसरा पर्याय डॉक्टरांनी आपणहून सांगितला होता का?