मधला रकाना

"पगार वेळेवर होतो, साहेबही चांगले आहेत. असमाधानी म्हणता येत नाही; पण म्हणून समाधानी लिहू का, मॅडम?"

भोसरीतल्या एका कारखान्यात आज कामातील समाधानाची प्रश्नावली भरून घेताना सीएनसी मशीनवरच्या एका काकांनी मला असे विचारले आणि पेन मधल्या रकान्यावर तसेच धरून ठेवले.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये, पिट्सबर्ग परिसरातील सुमारे दोनशे अभियंते व लेखापाल यांच्या मुलाखतींवरून, नेमके हेच मांडले होते: पगार, वरिष्ठ, कामाची जागा ठीक असली की नाराजी कमी होते, समाधान मात्र प्रत्यक्ष कामातून, जबाबदारीतून आणि कामाची दखल घेतली जाण्यातून येते. यशाचे श्रेय माणूस स्वतःकडे घेतो आणि अपयशाचे खापर परिस्थितीवर फोडतो, त्यामुळे मुलाखतींतून असेच चित्र दिसणार, हा त्यावरचा आक्षेप मला आजही वजनदार वाटतो.

तरीही काकांचे पुढचे वाक्य डोक्यातून जात नाही: "मी काढतो तो पार्ट कुठल्या गाडीत बसतो, हे कोणी कधी सांगितलंच नाही."

एक ते पाच गुणांची सरासरी काढणाऱ्या आमच्या प्रश्नावलीत हे कुठे नोंदवायचे?