एमपीपीटी चार्जर घरीच बनवला, त्याची गोष्ट

गच्चीवर 250 वॅटचं पॅनल, खाली 12 व्होल्टची ट्युब्युलर बॅटरी, आणि मधे एमपीपीटी (म्हणजे पॅनल ज्या व्होल्टेजला सगळ्यात जास्त पॉवर देतं ती जागा शोधून तिथेच चालवणारा) असं ठळक छापलेला स्वस्तातला चार्जर. भर दुपारी पण शंभर वॅटच्या वर गाडी जाईना. शेवटी पॅनलच्या वायरींना मीटर लावला तर व्होल्टेज 13, बॅटरीएवढाच! म्हणजे आत साधा पीडब्ल्यूएम, जो पॅनलला बॅटरीच्याच व्होल्टेजवर बांधून ठेवतो. 60 सेलचं पॅनल खरी पॉवर देतं 30 व्होल्टच्या आसपास, ते 13 वर दाबून धरलं तरी करंट तोच आठ अँपियर, मग वॅट कुठून येणार.

म्हटलं आपणच करू. अर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवून करंट वाढवणारं सर्किट), करंट मोजायला एसीएस712 सेन्सर. कोड पर्टर्ब अँड ऑब्झर्व्हचा, वीसेक ओळी, ड्युटी (बकचा स्विच किती वेळ चालू ठेवायचा ते प्रमाण, त्यावर पॅनलचा व्होल्टेज ठरतो) जरा हलव, पॉवर वाढली तर त्याच बाजूला जा, कमी झाली तर मागे फिर. वाचायला सोपं वाटतं. माझं मात्र ऊन तेच असताना कधी 30 व्होल्ट कधी 22, नुसतं भरकटत होतं, बकमधला इंडक्टर, म्हणजे तारेची कॉइल, दोनदा सोडून परत गुंडाळला. दोष सेन्सरच्या रीडिंगमधे होता. 20 अँपियरवाला एसीएस712 अँपियरला 100 मिलीव्होल्ट देतो आणि अर्डुइनोच्या मोजणीची एक पायरी जवळजवळ 5 मिलीव्होल्टची, म्हणजे एक आकडा इकडेतिकडे झाला की 30 व्होल्टला दीड वॅटचा फरक, आणि माझ्या एका स्टेपने पॉवर बदलायची त्याहून कमी. बिचारा कोड नॉइजच्या मागे पळत होता. 64 रीडिंगची सरासरी घेतली, स्टेप वाढवली, तेव्हा जागेवर आला.

ढग सरकताना अजून चुकायचा, कारण ऊन वाढल्यामुळे वाढलेली पॉवर तो स्वतःची कमाई समजतो. त्यासाठी इन्क्रिमेंटल कंडक्टन्स (करंट आणि व्होल्टेज किती बदलले त्यावरून जागा शोधणारी दुसरी पद्धत) पण लावून बघितलं, ढगांत थोडं बरं, पण माझ्या सेन्सरवर फार काही फरक वाटला नाही.

मग एके दिवशी अचानक नव्वद वॅट. तासभर कोड उसवला आणि वर जाऊन बघतो तर आईने पॅनलच्या एका कडेवर ओला टॉवेल वाळत टाकलेला! झाकलेल्या सेलना वळसा घालून करंट नेणाऱ्या बायपास डायोडमुळे पॉवर-व्होल्टेजच्या कर्व्हला दोन उंचवटे झालेले, आमचा पठ्ठ्या 31 व्होल्टला तीन अँपियर घेऊन निवांत आणि खाली 19 व्होल्टजवळ सात अँपियर मिळत होते. आता दर पाच मिनिटांनी पूर्ण रेंज एकदा चाळून घेतो. मे महिन्यात पॅनल तापलेलं असताना पण बॅटरीत 180 वॅटच्या आसपास जातात.

टॉवेल अजून तिथेच पडतो.